मरणावर संपणारा पोवाडा
(जिल्हा बैठकीत सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



कापसाच्या भावावर मी आज बोलणार नाही. तो विषय दुपारी आहे आणि त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा तयारीचे आहेत. मला आपल्या कलापथकाबद्दल बोलायचे आहे. पोरांनी आधी ऐकून घ्यावे, मग रागवावे.

आपल्यातले पुष्कळजण ६ डिसेंबरला दादरला जातात. चैत्यभूमीचे दर्शन झाले की शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने, आणि जागोजाग डफ-ढोलकी घेऊन उभी असलेली पोरे. एका वर्षी तिथे एक पोरगा गाणे सुरू करण्याआधी म्हणाला, "हे विलासदादा घोगरेंचे." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मला तेव्हा घोगरे कोण हे नीट ठाऊक नव्हते. शेतकी कॉलेजात शाहीर शिकवत नाहीत.

विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे दलित शाहीर. आव्हान नाट्य मंचाबरोबर ते वस्त्यावस्त्यांत गात. आनंद पटवर्धन यांचा मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरचा 'हमारा शहर' हा माहितीपट १९८५ साली आला, त्यात त्यांचा आवाज आहे. पुढे ते जुन्या सोबत्यांपासून दुरावले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी आपल्या घरात जीवनाचा शेवट केला.

ते का गेले, याचे एका वाक्यात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. मी देणार नाही. गोळीबाराने मन फाटले असेल, गरिबी होती, दुरावा होता, मनाला काही आजार होता का ते कोणाला माहीत? माणूस एका कारणाने जात नाही. आपल्याकडे पंचनाम्याच्या कागदात कारणाला एकच ओळ असते, म्हणून आपल्यालाही एकच ओळ लिहायची सवय लागली आहे.

पटवर्धनांनी त्या मरणानंतर कॅमेरा हाती घेतला आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. तीन तासांहून मोठा आहे. सुरुवात घोगरे यांच्या मरणापासून होते, पण त्यानंतर गाणारी जिवंत माणसेच भेटत राहतात. संभाजी भगत आहेत, कबीर कला मंचाची शीतल साठे आहे. शाहीर गेला त्याची आठवण ठेवायची तर अशी ठेवावी. त्याचे गाणे दुसऱ्याच्या गळ्यात चालू राहिले.

घोगरे मुलुंडचे, पण त्यांची परंपरा लालबाग-परळच्या गिरणगावात वाढली. आपला कापूस जिथे सूत होण्यासाठी जायचा तेच हे गिरणगाव. आज तिथे बाजार आणि काचेच्या इमारती आहेत, ते असो. तिथले मोठे शाहीर बहुतेक आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातले. अमर शेख ज्वारीच्या बार्शीचे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. त्या दोघांनी द. ना. गवाणकरांबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई हलवून सोडली. दोघेही १९६९ साली, दीड महिन्याच्या अंतराने गेले.

गिरणगावात 'गावाची खोली' म्हणून एक चीज होती. एका गावचे पन्नास-पन्नास गडी एका खोलीत वळकट्या ठेवून पाळीपाळीने झोपायचे. संध्याकाळी तिथेच भजन. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या. फार जण गावी परतले. घरे मोडली, काहींनी जीवही दिले, म्हणून त्या खोल्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण भजनाला एक टाळकरी आला नाही तर बाकीचे विचारायचे, आज तो कुठे आहे? आपल्या गावात चार दिवस कोणी पारावर दिसला नाही तर आपण म्हणतो, सावकाराला चुकवत असेल.

आता आपल्या पोवाड्याकडे येतो. तुम्ही तो वीस गावांत ऐकला आहे. नापिकी, सोसायटीची नोटीस, पोरीचे लग्न, आणि शेवटच्या चौकात शेतकरी जीव देतो. ढोलकी थांबते, दिवा विझतो. बायाबापड्या डोळे पुसतात आणि पंचा फिरला की पैसे भरभरून पडतात. तो शेवटचा चौक मी दुरुस्त करून दिलेला आहे. त्यात 'हुतात्मा' हा शब्द मी घातला. मला त्याचा अभिमान होता.

एका गावी कार्यक्रम संपला, आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. एक गडी मागे रेंगाळला होता, तोही दुसऱ्या टोकाने सतरंजी गुंडाळू लागला. काम झाल्यावर म्हणाला, "साहेब, मेल्यावर तरी गाव नाव घेतं म्हणायचं."

मला घाम फुटला. मी त्याला सरळ विचारले, "तुझ्या मनात जिवाचे बरेवाईट करायचा विचार आहे का?" असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात येतो, असे आपण समजतो. ते खरे नाही. विचारल्याने माणूस मोकळा होतो. तो खाली बसला आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला. आम्ही त्याला एकट्याला घरी जाऊ दिले नाही. सकाळी त्याच्या मेहुण्याला बोलावले, दवाखान्यात नेले, सोसायटीच्या सचिवाकडे मी स्वतः गेलो. आज तो आहे. नाव सांगणार नाही, कदाचित तो या मंडपातही असेल. पण आमचा पोवाडा त्याला कोणत्या वाटेने नेत होता, हे मी विसरू शकत नाही.

गाण्यात एवढी ताकद असते का? असते, आणि ती दोन्ही बाजूंना ओढते. अमेरिकेत लॉजिक नावाच्या गायकाने २०१७ साली एक गाणे काढले. गाण्याचे नाव म्हणजे तिथल्या मदतवाहिनीचा फोन नंबर. सुरुवातीला जगणे नको झालेला पोरगा बोलतो, मग फोनवरचा माणूस त्याला धीर देतो, शेवटी पोरगा म्हणतो मला जगायचे आहे. संशोधकांनी हिशेब मांडला आणि तो २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ते गाणे लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त होते त्या ३४ दिवसांत मदतवाहिनीला नेहमीपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, आणि १० ते १९ वयाच्या पोरांत अंदाजे २४५ आत्महत्या कमी झाल्या. एका गाण्यानेच हे झाले असे छातीठोक कोणी म्हणणार नाही. पण शेवटचा चौक कुठे न्यायचा, हे त्यातून कळते.

आपल्याकडेही काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर मनाच्या दुखण्याविषयी बोलायला लावले. आधी उदासीच्या आजाराच्या शंभर माणसांत चार जण उपचाराला जात होते, नंतर सत्तावीस जाऊ लागले. जीव द्यायचा विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले.

आता तुमच्यातले जुने कार्यकर्ते म्हणतील, साहेब सरकारची भाषा बोलू लागले. भाव द्यायचा नाही आणि समुपदेशक पाठवायचा. हा राग मलाही येतो. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात शेतीवर जगणाऱ्या ४,२४८ जणांनी जीव दिला, ही सरकारच्याच वहीतली नोंद आहे, आणि ती काही मनाच्या आजाराची साथ नव्हे. भावाची मागणी एक पैशाने कमी करायची नाही. पण ती मागायला माणूस उरला पाहिजे. मेल्याने कर्जही सुटत नाही. मागे राहिलेली बाई 'पात्र' की 'अपात्र' या शिक्क्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवते. हा चौक आपण कधी गायलो?

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. फवारणीचे औषध घरात, हाताशी ठेवू नका. लागेल तेवढेच आणा, पेटीला कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो विचार पुष्कळदा घटका-दोन घटकांचा असतो. तेवढा वेळ हाताशी काही नसले की माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेने १९९५ पर्यंत सर्वांत जहाल औषधे बंद केली. २००५ पर्यंत तिथल्या आत्महत्या निम्म्यावर आल्या, आणि पिकाचे उत्पादन घटले नाही. ज्यांना औषधाशिवाय कपाशी दिसतच नाही त्यांनी हे दोनदा ऐकावे.

पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न केलेला माणूस गुन्हेगार न मानता तणावाखालचा मानायचा आहे. 'टेलिमानस'चा नंबर १४४१६ आहे. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतील.

कलापथकाला माझे एवढेच सांगणे आहे. 'हुतात्मा' शब्द काढा, मीच घातला होता, मीच मागे घेतो. मरण कसे आले याचे वर्णन नको, दिवा विझवायला नको. शेवटच्या चौकात शेजारी दार वाजवतो आणि आत बसलेला माणूस दार उघडतो, असे करा. नंबर धृपदात बसतो का ते बघा. काल रात्री ढोलकीवर बसवून पाहिला, एक मात्रा जास्त होते. शाहीर, तुम्ही पुढे या आणि ती एक मात्रा कुठे घालायची ते सगळ्यांसमोर सांगा.