फोटो आणि त्याचा क्रमांक



चैत्र-वैशाखात लग्नसराई ऐन भरात असते आणि याच दिवसांत माझ्याकडे मेमरी कार्डं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. स्टुडिओवाले येतात, हौसेनं कॅमेरा घेतलेली माणसं येतात, बाळाच्या बारशाचे फोटो गेले म्हणून रडवेली झालेली आई येते. तक्रार सगळ्यांची एकच: फोटो उडाले. उडालेले फोटो परत काढून देण्याचं हे काम बरीच वर्षं केल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. कार्डावरचा फोटो आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ चिवट असतो, आणि कॅमेऱ्यानं त्याला दिलेला क्रमांक आपल्याला वाटतो त्याहून फार कच्चा असतो. आपण मात्र क्रमांकावर भरवसा टाकतो आणि फोटो गेला असं धरून घाईनं काहीतरी करून बसतो. फोटो खरोखर जातात ते बहुतेक वेळा या घाईत.

हा क्रमांक येतो कुठून ते आधी पाहू. १९९८ मध्ये जपानी उद्योगांच्या संघटनेनं डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक नियम ठरवला. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात किंवा प्रिंटरमध्ये घातलं तरी फोटो दिसावेत, हा त्यामागचा हेतू. कुठलंही कार्ड संगणकात उघडा, 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर दिसेल. ते या नियमातून आलं. त्याच्या आतल्या फोल्डरच्या नावात आधी तीन आकडे, १०० ते ९९९, आणि पुढे पाच अक्षरं. कॅननचं '१००कॅनन', सोनीचं '१००एमएसडीसीएफ'. फोटोच्या नावात आधी चार अक्षरं आणि मग चार आकडे, ०००१ ते ९९९९. चार आणि चार मिळून आठ, कारण जुन्या डॉस प्रणालीत फाइलच्या नावाला आठच अक्षरांची जागा होती. म्हणजे चार आकड्यांची ही मर्यादा पार त्या काळातून चालत आली आहे आणि आजच्या महागड्या कॅमेऱ्यांतही ती कायम आहे.

आता हिशोब करा. मोठ्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. चार-पाच लग्नं झाली की गणती ९९९९ वर पोचते आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होते. एका हंगामात 'आयएमजी_०४५०' नावाचे तीन-चार वेगवेगळे फोटो त्याच कॅमेऱ्यातून निघतात. दोन फोटोग्राफर असतील आणि दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे असतील, तर एकाच लग्नात एकाच नावाचे दोन फोटो. मग रात्री दमून घरी आल्यावर दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली जातात. संगणक विचारतो, या नावाच्या फाइली आधीच आहेत, बदलू का? डोळ्यांवर झोप असते, हात 'रिप्लेस'वर पडतो. एकाच्या मंगलाष्टकांवर दुसऱ्याची पंगत बसते. त्यातच कार्डं फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला वापरली गेली असतील, तर माझ्यासारख्याच्या हाती फारसं काही लागत नाही. कार्ड बिघडून गेलेल्या फोटोंपेक्षा असे गेलेले फोटो मी जास्त पाहिले आहेत.

दुसरी तक्रार असते ती क्रमांकानं उडी मारल्याची. कालपर्यंत २१०० चालू होते, आज एकदम ७८०० कसे? कॅमेरा बिघडला का? बिघडलेला नसतो. गणती सलग ठेवण्याचा पर्याय चालू असला की कॅमेरा दोन आकडे पाहतो: आपल्या स्मरणातला शेवटचा आणि समोरच्या फोल्डरमधला सर्वांत मोठा. जो मोठा, त्याच्या पुढून तो मोजू लागतो. मित्राचं न पुसलेलं कार्ड एकदा जरी घातलं, तरी त्याचा आकडा तुमच्या कॅमेऱ्याला चिकटतो आणि ते कार्ड काढल्यावरही जात नाही. म्हणून दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं, तर त्यातलं सगळं आधी उतरवून घ्यायचं आणि मग ते आपल्या कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

याच नियमातून आलेली एक अडचण जरा सविस्तर सांगतो, कारण तिनं भलेभले गोंधळतात. एक तरुण फोटोग्राफर मुहूर्ताच्या तासभर आधी धापा टाकत आला. कॅमेरा फोटोच घेईना. कार्ड अर्ध्याहून अधिक रिकामं, बॅटरी भरलेली, लेन्स ठीक. मी कार्ड संगणकात लावलं. 'डीसीआयएम'मध्ये नेहमीच्या फोल्डरशेजारी आणखी एक फोल्डर होतं: आधी ९९९ आणि पुढे इंग्रजी पाच अक्षरांत 'लग्न'. त्याच्या मदतनिसानं वधूपक्षाला टीव्हीवर दाखवायला निवडक फोटो त्यात ठेवले होते. हे फोल्डर सगळ्यांत खाली दिसावं म्हणून ९९९, आणि पाठवणीचा फोटो शेवटी यावा म्हणून त्याच्या नावातला आकडा केला होता ९९९९. तीन आकडे आणि पाच अक्षरं म्हटल्यावर कॅमेऱ्यानं ते आपलंच फोल्डर मानलं. फोल्डर ९९९, फोटो ९९९९. पुढचा फोटो ठेवायला त्याच्या लेखी आकडाच उरला नव्हता. कार्डात जागा किती आहे हा प्रश्न तिथे येतच नाही. आम्ही सगळं संगणकावर उतरवलं, उतरलेले फोटो उघडून पाहिले, कॅमेऱ्यात फाइल क्रमांकाचा 'रीसेट' दिला, कार्ड फॉरमॅट केलं. मुहूर्त गाठला गेला. अशा वेळी रीसेट आणि फॉरमॅट ही दोन्ही कामं करावीत. एकच केलं तर अडचण तशीच राहू शकते.

उलटंही घडतं. संगणकावर 'साखरपुडा' असं नाव दिलेला फोटो परत कार्डावर टाकला तर कॅमेरा तो दाखवत नाही. फोटो तिथेच असतो, नाव फक्त नियमात बसत नाही. तसंच मधले क्रमांक नसले म्हणजे फोटो गेलेच असं नाही. जागच्या जागी नको म्हणून पुसलेला फोटोही आपला आकडा घेऊनच जातो. पंचनामे, विम्याचे सर्व्हे आणि जमिनीचे वाद यांत फोटो देणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यात फाइलची 'हॅश' किंमत लिहायची असते. फाइलच्या सगळ्या आशयावरून गणितानं काढलेली ही आकडा-अक्षरांची ओळ. नाव बदललं तरी हॅश तीच राहते, आणि आतला एक बिंदू बदलला तर पूर्ण बदलते. फोटोची ओळख नावावर ठेवायची नाही, हे कायद्यानंही मान्य केलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता फोटो उडाल्याच्या मूळ तक्रारीकडे येतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा फॅट ३२ ही रचना असते. त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट. फॅट ३२ मध्ये फोटो डिलीट केला की होतं काय? यादीतल्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण ठेवली जाते आणि त्याची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. फोटो तसाच असतो. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून जमीन नाहीशी होत नाही. मात्र ती दुसऱ्याच्या नावावर चढली आणि त्यानं नांगर घातला, तर आधीचं पीक परत मिळत नाही. कार्डावर पुढचा फोटो काढणं म्हणजे हा नांगर. नावाचं पहिलं अक्षर खोडलं गेल्यामुळे शोधून काढलेल्या फोटोंच्या नावात कधी कधी ते नसतं आणि 'आयएमजी'च्या जागी '_एमजी' दिसतं. कॅननचा कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपर्यायात फोटो काढतानाही मुळातच '_एमजी' असं नाव देतो, म्हणून ते पाहून लगेच घाबरू नये. एक्सफॅटमध्ये केवळ एक लहानशी खूण बदलते आणि नाव शाबूत राहतं. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅटसुद्धा बहुतेक वेळा यादीच नवी करतं. 'लो लेव्हल' पर्याय निवडला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

म्हणून फोटो दिसेनासे झाले की पहिलं काम एकच: थांबायचं. कार्ड काढायचं आणि एसडी कार्डाच्या बाजूचा लहानसा खटका 'लॉक'कडे सरकवायचा. हा खटका नुसता प्लास्टिकचा असतो, आतल्या चिपला त्याचा पत्ताही नसतो. कार्ड रीडर त्याची जागा बघून लिहिणं थांबवतो. तो झिजून किंवा तुटून गेला की कार्ड कायमचं लॉक असल्यासारखं वागू लागतं. पुष्कळ 'बिघडलेली' कार्डं एवढ्या एका खटक्यापायी टाकून दिली जातात, त्या जागी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला तरी ती चालतात. संगणक म्हणाला की डिस्क फॉरमॅट करावी लागेल, तर 'कॅन्सल' दाबा. दुरुस्ती करू का असं विचारलं तरी नाही म्हणा, कारण ती दुरुस्ती कार्डावर लिहिते. ती आधीच झालेली असेल तर 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएचके' फाइली शोधा, त्यांत फोटो असू शकतात. मॅकवरून फोटो पुसूनही कार्ड भरलेलंच दिसत असेल, तर लपलेल्या कचऱ्याच्या फोल्डरमध्ये ते पडून असतात. कचराटोपली रिकामी करताना कार्ड लावलेलं हवं.

पुढचं काम सावकाशीचं. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल संगणकावर घ्यायची आणि शोध त्या नकलेत घ्यायचा. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम मी सर्वांना सुचवतो. तो यादीकडे बघतच नाही. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, तो त्या शोधत कार्ड पालथं घालतो. सापडलेले फोटो कार्डावर परत टाकू नका, संगणकाच्या डिस्कवर ठेवा. व्हिडिओ यात कमी हाती लागतात, कारण त्यांचे तुकडे कार्डावर विखुरलेले असू शकतात.

फोटोरेकनं काढलेल्या फोटोंना मूळ नावं नसतात. हजारो फोटो कसल्याशा आकड्यांनी येतात आणि लोक म्हणतात, आता हे लावायचे कसे? फोटो काढल्याची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ प्रत्येक फोटोच्या आत, एक्झिफ नोंदीत लिहिलेली असते. फिल हार्वे यांचा 'एक्झिफटूल' त्या वेळेवरून सगळ्या फोटोंना एका झटक्यात नावं देतो: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ. नावं या क्रमात असली की संगणक ती आपोआप योग्य क्रमात लावतो. एकाच सेकंदातले फोटो असतील तर पुढे जास्तीचा आकडा जोडायला त्याला सांगता येतं. माझं मत असं की ही नावं फोटो गेल्यावर नव्हे, ते संगणकावर उतरवतानाच द्यावीत. त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ते चुकू शकतं. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची घड्याळं लग्नाला निघण्यापूर्वी जुळवून घ्या. फाइलच्या नावातली पहिली अक्षरं बदलायची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असेल, तर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी अक्षरं द्या.

बाजारातल्या बनावट कार्डांविषयी थोडक्यात. वर ६४ जीबी छापलेलं असतं, आत ८ असतात. पहिले फोटो नीट येतात, जागा संपल्यावर पुढचे नुसते नावापुरते राहतात. तिथे कुठलाच प्रोग्राम काही करू शकत नाही, कारण ते फोटो कधी लिहिलेच गेलेले नसतात. नवं कार्ड आणलं की 'एफ३' किंवा 'एच२टेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रामनं ते एकदा पूर्ण भरून, वाचून तपासा. मोठ्या कार्डाला वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवा.

ज्यांनी आज बिघडलेली कार्डं बरोबर आणली आहेत, त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर इथेच थांबावं. कार्ड आता कॅमेऱ्यात असेल तर कॅमेरा बंद करून ते आत्ताच बाहेर काढा. कार्डात काय होतं आणि ते गेल्यावर तुम्ही काय काय करून पाहिलंत, एवढं आठवून ठेवा. मी पहिल्यांदा तेच विचारणार आहे.