जुनी मोटार : जपावी की सुधारावी?



वसंत व्याख्यानमालेत श्रोत्यांना संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांची सवय असते. तेथे आम्ही मोटारीसारखा तेलकट विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खानदेशाला मोटार परकी नाही. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो, नागपूरहून सुरतेकडे जाणारा रस्ता जळगाव-धुळ्यावरून जातो आणि या दोन रस्त्यांच्या कडेने मिस्त्री, फिटर, पत्र्याचे काम करणारे, लेथवाले यांची एक सबंध वस्ती कित्येक वर्षे पोट भरीत आली आहे. तेव्हा जुनी, देखणी, वेगाची मोटार हाती आली तर तिच्यात आजच्या सोयी घालाव्यात की कारखान्यातून निघाली तशीच ती ठेवावी, हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

या वादात दोन पक्ष आहेत. एकाला आपण सुधारक म्हणू आणि दुसऱ्याला मूळवादी म्हणू. दोघेही गाडीवर प्रेम करणारे आहेत, म्हणूनच हे भांडण कडू होते. ज्याला गाडीचे काही वाटत नाही तो ती भंगारात देऊन मोकळा होतो. तो वाद घालीत नाही.

प्रथम सुधारकाची बाजू ऐकू, कारण तिच्यात बराच अर्थ आहे. तो म्हणतो, मोटार ही चालण्यासाठी जन्मली. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. थंड मुलखासाठी आखलेला विलायती रेडिएटर तेथे उकळू लागला, तर विजेचा पंखा बसवला म्हणून काय बिघडले? जुन्या ड्रम ब्रेकांवर भरवसा ठेवून आजच्या महामार्गावर ट्रकांच्या मधून गाडी हाकायची, म्हणजे पुरातनत्वासाठी जीव धोक्यात घालायचा. शिवाय काळानेच काही बदल आपल्यावर लादले आहेत. २००० साली आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचा पातळ लेप जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना झिजेपासून वाचवीत असे. तो गेल्यावर कठीण धातूच्या बैठकी बसवणे भाग पडले. आता पेट्रोलात इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचे पडदे त्याने खराब होऊ शकतात. ते बदलले नाहीत तर गळती होईल आणि एखादे दिवशी आगही लागेल. मग ‘काहीच बदलू नये’ असे म्हणणाऱ्याने गाडी चालवूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही काय?

आता मूळवाद्याचे ऐका. त्याचे म्हणणे जळगावकरांना सोन्याच्या भाषेत चटकन कळेल. आजीची पुतळ्यांची माळ पेढीवर नेली, मोडली आणि नातीसाठी नव्या घाटाचा हार केला, तर सोने घरातच राहते. पण तो हात, तो घाट, त्या काळची ती नजर कायमची गेली. सोन्याच्या बाबतीत निदान सोने तरी उरते. मोटारीच्या पत्र्याला आणि लोखंडाला भंगारात काय भाव येतो, हे आपण जाणताच. तिचे सारे मोल घडणावळीत आहे. तीच काढून टाकली तर मागे राहते ते वजन.

या म्हणण्याला आपल्या महाराष्ट्रातलाच पुरावा देतो. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लागून असलेला गिअर आणि गोल गुबगुबीत अंग, अशी ही गाडी होती. या अंगावरून सुरुवातीच्या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव बहाल केले. ते हेटाळणीचे कमी आणि लाडाचे अधिक होते. पुढे घाट बदलत गेला. १९७० नंतरच्या दशकात तीच ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगात ती हजारोंनी धावली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि ज्या गाडीकडे कोणी मान वळवून पाहत नव्हते, तिचे फोटो काढायला माणसे धावली. जी वस्तू उदंड असते तिची कोणी जपणूक करीत नाही. मग एके दिवशी ती नसते. अस्सल दिवे, अस्सल आसने, अस्सल घड्याळांची पट्टी असलेली फियाट आज शोधायला निघा, म्हणजे मूळवादी का चिडतो ते कळेल.

येथवर दोन्ही पारडी सारखी वाटतात. परंतु शर्यतीच्या गाडीचा विषय निघाला की प्रश्न अधिक अवघड होतो. परदेशी स्पोर्ट्‌स मोटारी आयात करणे आपल्याकडे दीर्घकाळ फार थोड्यांना शक्य होते. म्हणून वेगाच्या हौशी लोकांनी घरच्या साध्या गाड्याच वेगाच्या केल्या. मद्रासजवळ शोलावरम येथे विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. तेथे फियाट गाड्याही उतरत. इंजिनाचे हेड घासून दाब वाढवायचा, कार्बुरेटर बदलायचा, मागची आसने काढून वजन घटवायचे, ही सारी कामे आपल्याच मिस्त्र्यांची होती. आता अशी एखादी गाडी आज सापडली आणि कोणी तिला ‘मूळ रूप’ द्यायला निघाला, तर त्याने मूळ जपले की इतिहास पुसला? कारखान्याने तिला जन्म दिला हे खरे, पण नाव तिने मिळवले ते धावपट्टीवर. मग मूळ कोणत्या दिवसाचे धरायचे?

हाच प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. तिच्या विक्रीचा सुमारे एक कोटी पौंडांचा व्यवहार ठरला आणि घेणाऱ्याने हरकत घेतली की ही ती गाडीच नव्हे. हरकत अगदी पोकळ नव्हती. शर्यतीच्या धकाधकीत तिचे भाग एकामागून एक बदलत गेले होते. साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागी आठ लिटरचे आले. १९३२ साली ब्रुकलँडच्या शर्यतीत भीषण अपघात होऊन तिचा चालक प्राणास मुकला आणि त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. १९२९ सालचे असे तिच्यात फारच थोडे शिल्लक होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी बारकाईने सारे तपासले आणि निर्णय दिला की गाडी अस्सल आहे. कारण भाग बदलले तरी तिचे आयुष्य कधी खंडित झाले नाही. कोणत्या टप्प्यावर काय बदलले याचा माग लागत होता. तिची नक्कल कोणी उभी केली नव्हती. ती स्वतःच बदलत आली होती.

आमच्या मते या निकालातले मर्म हे की, बदलाने अस्सलपणा जातोच असे नाही. बदलाचा माग पुसला गेला म्हणजे तो जातो.

आणि हे मर्म समजायला लंडनला जाण्याची गरज नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठात लेखकांच्या हातून भर पडत गेली, म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तिचे शुद्धीकरण केले. हा मूळ रूप परत आणण्याचाच थोर उद्योग होता. तरीही पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्याहून जुना पाठ म्हणून एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा अभ्यासकांत केवढा वाद झाला! राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. जुनी दप्तरे हाताळणाऱ्यांचा एक नियम असतो : दुरुस्ती सुचवायची तर ती समासात किंवा टिपेत लिहावी, मूळ अक्षर खरवडून नव्हे. कागदाला जो न्याय तोच लोखंडाला का नसावा?

जपण्याच्या नावाखालीही खरवडणे होते, हे अजिंठ्याने आपल्याला शिकवले आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावून लेण्यांतील चित्रांची दुरुस्ती करवली. सुटू लागलेला गिलावा त्यांनी बसवला, हे उपकारच. परंतु चित्रांवर लाखेचे रोगण चढवले गेले. ते काळाने पिवळे-काळपट पडले आणि खालचे रंग झाकोळले. ते काढण्याचे किचकट काम नंतरच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे पुरले. हेतू जपण्याचा होता. पण जे परत सहज काढता येत नाही, असे काही मूळावर चढवले गेले. जुन्या गाडीवर नवा चकचकीत रंग चढवून ‘अगदी कारखान्यातून निघाल्यासारखी केली’ असे अभिमानाने सांगणारा मूळवादीसुद्धा कधी कधी हेच करतो. जुना रंग कितीही फिका पडला तरी तो एकदाच मूळ असतो.

म्हणून आम्ही दोन कसोट्या आपल्यापुढे ठेवतो. पहिली, केलेला बदल परत फिरवता येईल काय? दुसरी, त्याची नोंद राहील काय? विजेचा पंखा चार बोल्टांवर बसवला आणि जुना पंखा तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला, तर काही बिघडले नाही. नातू तो पुन्हा बसवील. नळ्या बदला, व्हॉल्व्हच्या बैठकी बदला, पट्टे बसवा, पण जुने भाग जपा आणि वहीत तारीख, काम आणि मिस्त्र्याचे नाव लिहा. मात्र टप कापून उघडी गाडी करणे, सांगाडा आखूड करणे, नव्या इंजिनासाठी पुढचा पत्रा तोडणे, ही परतीची वाट नसलेली कामे. तेथे हात आवरावा. आणि गाडी विरळा असेल तितका तो अधिक आवरावा. हजारांतल्या एकीवर हौस भागवणे वेगळे आणि उरलेल्या चारांतल्या एकीवर भागवणे वेगळे.

कायदाही या बाबतीत झोपलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदलाला आडकाठी करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. सांगाड्यात, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. बदल्यात गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. ती प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला आणि देखभालीपुरती काढायची. कोणी विजेवर चालणारे यंत्र जुन्या गाडीत बसवू म्हणेल, तर तेही मान्यताप्राप्त असावे लागते. म्हणजे कायद्याचा कल नोंदीकडेच आहे.

परंतु कायद्याने गाडी राखता येते, हात राखता येत नाहीत, आणि आमच्या मनाला लागलेली खरी चिंता ही आहे. कार्बुरेटरचा आवाज कानाने ऐकून तो जुळवणारा, पत्रा लाकडी हातोडीने ठोकून मूळ गोलाई आणणारा, न मिळणारा भाग लेथवर घडवणारा मिस्त्री आपल्या गावातून हळूहळू उठून चालला आहे. नव्या गाडीचे दुखणे संगणक सांगतो. तिच्यासाठी ते कान लागत नाहीत. तयार भाग आणून बसवणाऱ्या सुधारकाला आणि गाडी काचेआड ठेवणाऱ्या मूळवाद्याला, दोघांनाही या मिस्त्र्याची गरज भासत नाही. ती भासते फक्त जुनी गाडी जुन्या रीतीने चालती ठेवणाऱ्याला. त्याच्याकडे शिकाऊ पोरगा बसला पाहिजे आणि त्या पोराला पोटापुरते मिळाले पाहिजे. आपल्या तंत्रविद्यालयांनी आठवड्याचा एक तास एखाद्या वृद्ध मिस्त्र्याला दिला, तर कितीतरी गोष्टी वाचतील.

आपल्यापैकी कोणाच्या वाड्याच्या मागल्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी फियाट, एखादी जीप उभी असेल. तिला हात लावण्याआधी इतकेच करावे : तिची कागदपत्रे शोधावीत, चहूबाजूंनी फोटो घ्यावेत, एक वही घालावी आणि पहिल्या पानावर आज ती कशी आहे ते लिहावे. मग सुधारा किंवा जपा. पुढच्या पिढीला आपला निर्णय चुकला असे वाटले, तर तो फिरवण्याची मुभा तिच्या हाती राहील.