तलवारीची राणी आणि नाण्यांची राणी



टॅरोचे पत्ते शिकायला बसलेल्या माणसाला पहिली धास्ती वाटते ती पाठांतराची. पत्ते 78. प्रत्येकाला सरळ पडला तर एक अर्थ आणि उलटा पडला तर दुसरा, म्हणजे झाले 156. नगरमध्ये हल्ली बरीच मंडळी हे पत्ते मागवतात. कॉलेजातल्या मुली मागवतात, घर सांभाळणाऱ्या बायका मागवतात, नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थही मागवतात. सोबत आलेली इंग्रजी पुस्तिका उघडतात, वहीत तक्ता आखतात, पंधरा-वीस पत्ते पाठ करतात आणि मग सगळं एकमेकांत मिसळायला लागलं की कॅट कपाटात जातो. आज मला मुख्यतः त्यांच्याशी बोलायचं आहे. या पत्त्यांचे अर्थ चित्रातून काढायचे असतात, यादीतून नव्हे, असं माझं म्हणणं आहे. आणि चित्र वाचायला जी सामग्री लागते ती या जिल्ह्यात भरपूर आहे.

हे पत्ते आले कुठून ते आधी पाहू, कारण त्यावाचून पुढचं नीट कळणार नाही. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या अशा चार रंगांचे पत्ते खेळले जात. त्यातला एक जुना संच आजही इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. ते पत्ते युरोपात पोहोचले, आणि 1440 च्या सुमारास उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारासारख्या दरबारांत, त्या चार रंगांना 22 चित्रपत्त्यांची जोड मिळाली. मूर्खाचा एक पत्ता सोडला तर हे म्हणजे कायमचे हुकूम. आपण पत्ते खेळताना हुकूम ठरवतो आणि दर डावाला बदलतो. इथे तो छापूनच दिलेला. टॅरो हा हात करण्याचा खेळ होता, आणि युरोपच्या काही भागांत तो आजही खेळला जातो.

त्याला गूढविद्येचं वलय मिळालं ते बरंच पुढे. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचा लपवून ठेवलेला ज्ञानग्रंथ आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने ती उलगडली 1822 मध्ये. म्हणजे जेबलँच्या हाती पुरावा काहीच नव्हता. पण कल्पना लोकांना आवडली, आणि चारच वर्षांत एतेइया या नावाने लिहिणाऱ्या माणसाने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं. नव्या माणसाने हे सन मनात ठेवावेत असं मला कळकळीने वाटतं. ज्या अर्थांपुढे आपण दबून बसतो ते माणसांनी बसवलेले आहेत, आणि कोणी कधी बसवले हे बहुतेक ठिकाणी सांगता येतं.

आज ज्याला आपण टॅरो म्हणून ओळखतो तो कॅट 1909 चा. लंडनच्या रायडर या प्रकाशकाने तो काढला. आर्थर वेट यांनी योजना आखली आणि चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या तिशीतल्या बाईंनी. बालपणाचा काही काळ जमैकात गेलेल्या, रंगभूमीवर काम केलेल्या या चित्रकर्तीने काही महिन्यांत सगळी चित्रं पुरी केली. काम फार मोठं आणि पैसे फार थोडे, असं त्यांनी एका स्नेह्याला पत्रात कळवलं होतं. 1951 मध्ये त्या वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. कॅटवर कितीतरी वर्षं प्रकाशकाचं आणि वेट यांचं नाव चाललं. पण कुठलाही पत्ता घ्या, कोपऱ्यात त्यांच्या आद्याक्षरांची वेलबुट्टीसारखी सही सापडेल. शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी ती शोधावी.

त्यांचं मोठेपण कशात? आधीच्या बहुतेक संचांत पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले असायचे, आपल्या बदामाच्या पंजीवर पाच बदाम असतात तसे. पामेलाबाईंनी तिथे माणूस उभा केला. काळा झगा पांघरलेली आकृती, मान खाली. समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन उभे आहेत आणि त्याला ते दिसत नाहीत. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे घर. पुस्तिकेत या पत्त्यापुढे ‘दुःख, हानी, निराशा’ असे शब्द असतील. पण चित्र दोन मिनिटं पाहिलंत तर पुस्तिकेत नसलेलं बरंच दिसेल. सांडलेलं मोजणारा माणूस उरलेलं मोजत नाही. पूल आहे, पण तो चढायला आधी वळायला हवं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

अशा वाचनाची सवय आपल्या मातीला नवी नाही. सावंतवाडीचा गंजिफा घ्या. गोल पत्ते, लाखेचा लेप, चिताऱ्यांनी हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफात 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. परशू दिसला की परशुराम, कमंडलू दिसला की वामन. कुणी यादी घोकत नसे, कारण अवतारांच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असत. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर अर्ध्यांत एक्का मोठा. डाव दिवसा असेल तर रामाच्या राजाने सुरू व्हायचा, रात्री असेल तर कृष्णाच्या. पत्ता तोच, पण त्याचं वजन वेळेवर आणि जागेवर ठरायचं. ही कला विझत आली असताना 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. टॅरो शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी त्या राजवाड्यात जाऊन गंजिफा हातात घ्यावा.

आणि आपल्या नेवाशाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरा मोक्षपट सांगते. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी गुणांच्या शिडीने वर किंवा दुर्गुणांच्या सापाने खाली. कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांनी काय ते ठरवावं. खेळता खेळता माणसाने स्वतःकडे पाहावं ही कल्पना मराठी घरांत जुनी आहे, एवढं मला इथे पुरेसं आहे.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे येऊ. चार रंग ओळखायला अवघड नाहीत. पेले म्हणजे मन आणि नाती. नाणी म्हणजे पैसा, शरीर, घरदार. तलवारी म्हणजे विचार, वाणी, संघर्ष. काठ्या म्हणजे उमेद आणि काम. एक्क्यात सुरुवात, दश्शीत शेवट. एवढं एका दुपारी होतं. नवा माणूस अडकतो तो दरबारी पत्त्यांपाशी. चार रंग, प्रत्येकी एक पोऱ्या, एक स्वार, एक राणी, एक राजा, असे 16. चेहरे सगळे सारखे वाटतात आणि पुस्तिकेतली विशेषणं एकमेकांत सरकतात. इथे नगरच्या माणसाला एक फायदा आहे, तो मी जरा सविस्तर सांगतो.

तलवारीची राणी पाहा. एका बाजूला वळून बसलेली, उजव्या हातात तलवार अगदी सरळ उभी, डावा हात पुढे केलेला, जणू ‘या, बोला’ म्हणते आहे. खाली ढग, वर एकच पक्षी. वेट यांनी 1911 च्या पुस्तकात तिचा पहिला अर्थ वैधव्य असा दिला आहे. पुढच्या बहुतेक पुस्तकांनी तो उचलला, आणि शिकणारी मुलगी वहीत ‘विधवा, दुःखी स्त्री’ लिहून मोकळी होते.

आता चांदबिबी आठवा. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाला. विजापुरात तिने लहान इब्राहिमच्या नावाने कारभार पाहिला आणि पुढे माहेरी आली. 1595 च्या डिसेंबरात शहाजादा मुरादच्या मुघल फौजेने आपल्या या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट उडाला तेव्हा ती तलवार घेऊन खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट बुजवून घेतला. पण तेवढ्यावर तिचं मोठेपण संपत नाही. पुढच्या वर्षी तिने तह केला, वऱ्हाड दिलं आणि नगर राखलं. एका हातात तलवार आणि दुसरा हात बोलणीसाठी पुढे. पामेलाबाईंनी नगर पाहिलं नव्हतं, चांदबिबी त्यांच्या मनातही नसेल. तरी तो पुढे केलेला हात मला तिच्यामुळे समजला. 1600 मध्ये दुसऱ्या वेढ्यात ती पुन्हा बोलणी करायला निघाली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. स्पष्ट बोलणारीला आपल्याच माणसांत काय सोसावं लागतं, हा त्या पत्त्याचा उलटा पडल्यावरचा अर्थ समजा. ‘दुःखी स्त्री’ या दोन शब्दांत हे मावतं का?

तिच्या शेजारी नाण्यांची राणी ठेवा. गुलाबांच्या वेलीखाली बसलेली, मांडीवर मोठं नाणं, नजर त्या नाण्यावर, पायांजवळ कोपऱ्यात ससा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला 1725 मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवी माझ्या डोळ्यांसमोर येतात. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले, 1766 मध्ये सासरे, 1767 मध्ये मुलगा. त्यानंतर 1795 पर्यंत त्यांनी राज्य केलं आणि घाट, विहिरी, धर्मशाळा देशभर बांधल्या. वैधव्य दोघींना आलं. मग वैधव्य हा एकट्या तलवारीच्या राणीचा अर्थ कसा? एकीने आलेल्या प्रसंगाला धार लावली, दुसरीने मांडीवरची ठेव लोकांत वाटली. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, अहिल्यादेवी म्हणजे न्यायाचा पत्ता. तेही मला मान्य होईल, पण मग चित्र दाखवून का ते सांगावं लागेल. हा वाद घालणं म्हणजेच शिकणं. याच रीतीने पिकल्या गव्हाच्या शेतासमोर बसलेली सम्राज्ञी पाहिली की मला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे दिसतात. गावरान बियाणं जपलं म्हणून 2020 च्या पद्मश्रीसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. पुस्तिकेतला ‘सुपीकता’ हा शब्द त्यांच्यामुळे जिवंत होतो.

एक पत्ता शेतकऱ्यांसाठी. नाण्यांची सत्ती: अवजारावर रेलून उभा तरुण, झुडपाला लागलेल्या नाण्यांकडे पाहतो आहे. इंग्रजी पुस्तकं म्हणतात, धीर धरा, फळ मिळेल. पारनेरचा कांदा उत्पादक हे चित्र पाहून वेगळं बोलेल. पीक तर उभं आहे, पण काढून आज विकू की चाळीत भरू? त्याच्या दृष्टीने हा निर्णयाचा पत्ता आहे, आणि चित्रातल्या तरुणाच्या चेहऱ्यावर तो निर्णय खरोखर आहे.

आता दुसऱ्याला पत्ते वाचून दाखवण्याविषयी, कारण शिकणारा लवकरच शेजारणीला पत्ते मांडून दाखवू लागतो. आपला जिल्हा भविष्य सांगणाऱ्यांच्या वाटेवरचा. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास भटक्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या जमत आल्या आहेत. वैदू, गोपाळ, नंदीबैलवाले. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा गावाने ऐकलेला आहे. स्टँडबाहेर पिंजऱ्यातून येऊन पाकीट ओढणारा पोपटही आपण पाहिला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळायला बंदी आहे, म्हणून आता फारसा दिसत नाही. या मंडळींकडून शिकण्यासारखं एक आहे: ती आधी माणूस पाहतात, त्याला बोलतं करतात. सोडून देण्यासारखंही एक आहे, ते म्हणजे भीती दाखवून उपाय विकणं. साडेसातीच्या भीतीने शिंगणापूरला येणारे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणं सोपं असतं, म्हणूनच ते पाप आहे.

भविष्य पत्त्यांतून कळतं का? मी स्पष्ट सांगतो, कळत नाही. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून, प्रत्येकाला 40 देऊन, ओळखायला सांगितलं. 51 जणांनी तयारी दाखवली, 27 जणांची उत्तरं आली, आणि नाणं उडवून जेवढं जमलं असतं त्याहून जास्त काही जमलं नाही. ती चाचणी कुंडल्यांची होती, पण पिसलेल्या पत्त्यांकडून मी जास्त अपेक्षा का ठेवू? पत्ता पुढे टाकलेला प्रश्न असतो, उत्तर समोरच्या माणसाजवळ असतं.

म्हणून मृत्यूचा पत्ता आला तर कुणाच्या आजाराबद्दल अवाक्षर काढू नका. चित्र दाखवा. पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा, खाली पडलेला राजा, हात जोडलेला धर्मगुरू, मान फिरवलेली मुलगी, आणि न घाबरता वर पाहणारं लहान मूल. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. ‘या चौघांत तुम्ही कोण?’ एवढंच विचारा आणि ऐका. ‘मुलीचं लग्न कधी होईल’ असा प्रश्न आला तर तो ‘लग्नाबद्दल माझ्या मनात नेमकी काळजी कसली आहे’ असा करून घ्या. उलट्या पत्त्यांचे अर्थ पहिले काही महिने बाजूला ठेवा. सगळे पत्ते सरळ करूनच पिसा.

आणि चित्रं काढा. पामेलाबाईंना जाऊन साठ वर्षं उलटून गेली, त्यामुळे आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. नगरमध्ये चित्रकार कमी नाहीत. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर रोज एक पत्ता आपल्या माणसांचा, आपल्या वाड्यांचा काढला तर अर्थ बोटांतून उतरतो. माझ्या वहीत दोन राण्या ठरल्या आहेत. हातात सूर्यफूल आणि पायाशी काळं मांजर असलेली काठ्यांची राणी, आणि समुद्रकाठी बसून झाकणाच्या पेल्याकडे पाहणारी पेल्यांची राणी, या दोन जागा रिकाम्या आहेत. आता प्रश्नोत्तरांना वेळ आहे. या जिल्ह्यातली कोणती बाई तिथे बसवावी, हे नाव आणि कारण दोन्ही सांगून कुणी सुचवावं.