मीटर उलटतो तेव्हा

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. लष्करातल्या कर्नलशी त्याचं नातं नाही, शिस्त मात्र तशीच लागते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये 'जिफीज' नावाची एक मोजणी अखंड चालू असते. ठरावीक ठोक्यागणिक आकडा एकाने वाढतो. डिस्कला पाच सेकंदांनी पुन्हा विचारा, अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर नाद सोडा, अशी कितीतरी कामं याच आकड्यावर चालतात.

हा आकडा ३२ बिटांचा असेल तर सुमारे ४२९ कोटींपर्यंत जातो आणि मग जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा शून्यावर येतो. सेकंदाला १०० ठोके असतील तर याला ४९७ दिवस लागतात. २००३ साली आलेल्या २.६ आवृत्तीत साध्या पीसीवर ठोके १००० झाले आणि ही मुदत पन्नास दिवसांच्या आत आली. विंडोज ९५ आणि ९८ अशाच चुकीपायी ४९.७ दिवसांनी गोठत असत; पण तोवर सलग चालू राहिलेला संगणक पाहिलाय कोणी?

चूक साधी असते. 'आत्ताचा आकडा मुदतीच्या आकड्याहून मोठा झाला का?' असं प्रोग्रामर लिहून जातो. मुदत मीटरच्या टोकाशी पडली आणि मधेच मीटर उलटला, तर आत्ताचा आकडा लहानच दिसणार, आणि बँकेचा सर्व्हर वाट पाहत बसणार. खरं तर दोन आकड्यांची वजाबाकी करून उत्तर धन की ऋण, एवढंच पाहायचं. त्यासाठी तयार सोयही आहे. पण हजारो फायलींत ती कोणी वापरली नाही, हे शोधायचं कसं? कर्नेलकारांनी नामी युक्ती काढली. मोजणी शून्यापासून सुरूच करायची नाही. मीटर उलटायला पाच मिनिटं उरलेली असतील, तिथून करायची. मग दीड वर्षाने मध्यरात्री उपटणारी चूक चहा संपायच्या आत समोर येते.

चुकांच्या वाटा साफ करणं याहून किचकट. समजा, एखादं उपकरण सुरू करताना मेमरी घेतली, टायमर लावला आणि तिसरी पायरी फसली. आता उलट्या क्रमाने आवरायचं: आधी टायमर थांबवायचा, मगच मेमरी परत करायची. टायमर विसरला, तर तो नंतर वाजतो आणि तोवर दुसऱ्याला दिलेल्या जागेत हात घालतो. असा कोड वर्षानुवर्षं चालतच नाही, म्हणून तपासलाही जात नाही. लिनक्समध्ये यासाठी मागितलेली मेमरी मुद्दाम नाकारण्याची सोय आहे. पायरी हवी तिथे फसवायची आणि मागे काय पडून राहतं, ते बघायचं.