आपल्या फायली उद्या उघडतील का?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, संगणकतज्ज्ञ नव्हे. पण रुळाचे आणि फाइलचे दुखणे सारखेच आहे, म्हणून बोलायचे धाडस करतो.

जबलपूर–गोंदिया छोटी लाइन आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिचे गेज ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १६७६. गाडी उत्तम असली तरी छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर जात नसे. मात्र दोन्ही मापे उघड होती. कोणताही कारखाना त्या मापाचा डबा बांधू शकत होता. कित्येक फायलींचे माप मात्र कंपनीच्या तिजोरीत असते. वर्डच्या जुन्या 'डॉक' फायलींत जगभरची दफ्तरे लिहिली गेली. पण त्यांचा तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांना मुक्तपणे वापरता येईल असा खुला केला तो २००८ साली. तोवर इतरांना बरेचसे अंदाजानेच जुळवावे लागे.

मराठीचे दुखणे दुहेरी. जुन्या फॉन्टांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. कृतिदेवमधला 'क' म्हणजे संगणकाच्या लेखी इंग्रजी 'डी'. दुसऱ्या फॉन्टात जागा वेगळी. फॉन्ट गेला की मजकुराची इंग्रजी खिचडी!

आपल्याकडेच पाहा. गेल्या वर्षी एका काकूंना त्यांच्या दिवंगत यजमानांचा स्मरणिकेतला लेख हवा होता. छापील अंक वाळवीने खाल्लेला. सीडी सापडली, फाइलही होती. पण ते डीटीपी सॉफ्टवेअर आणि फॉन्ट आता कुणाकडे नाही. पडद्यावर शीर्षकसुद्धा वाचता येईना. काकू "असू दे" म्हणाल्या, पण आपल्याला ते असू देऊन चालणार नाही.

उपाय आहेत. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. तिथे 'क' चा क्रमांक ०९१५, जगात कुठेही तोच. 'ओडीएफ' हे खुले स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर ते वापरते. दीर्घकाळ जपण्यासाठी 'पीडीएफ-ए' हे मानक २००५ चे. त्यात फॉन्ट फाइलमध्येच सामावलेला असतो. एक सावधगिरी: जुन्या फॉन्टातल्या मजकुराची पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. म्हणून युनिकोड मजकूरही हवाच. भारत सरकारनेही २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले.

समितीपुढे माझी सूचना अशी. स्मरणिकेचा मजकूर यापुढे युनिकोडमध्येच घ्यावा. छापखान्याकडून पीडीएफ-ए मागून घ्यावी. प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. जुने छापील अंक ज्यांच्या माळ्यावर असतील, त्यांनी ते स्कॅनिंगसाठी द्यावेत. आणि रुळांची जशी ठरलेल्या मुदतीत तपासणी होते, तशी दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतर एकदा प्रत्येक फाइल उघडून पाहावी. न तपासलेला रूळ आणि न उघडलेली फाइल, दोन्हींवर भरवसा ठेवू नये.

घरची वंशावळ, आजीच्या पाककृती, मुलांच्या कविता यांनाही हेच लागू. महाराष्ट्राबाहेर आपले मराठीपण कागदावर टिकले. पुढे ते फायलींत टिकायचे आहे. तेव्हा माप उघडे असलेल्या रुळांवरच गाडी घालू या.

गणपती बाप्पा मोरया!