खाणमालक मुख्यमंत्री

पणजीहून मांडवीच्या काठाकाठाने मिरामारला जाणाऱ्या रस्त्याचं नाव दयानंद बांदोडकर मार्ग. गोव्याला जाणारे पर्यटक या रस्त्याने जातातच. मिरामारच्या किनाऱ्यालगत भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, तिच्याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. 'गोव्याचे पहिले मुख्यमंत्री' एवढी ओळख पाटीवर पुरते. मला मात्र कुतूहल आहे ते मुख्यमंत्री होण्याआधीच्या माणसाचं.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्याचा. समाज गोमंतक मराठा. देवळांच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या राबलेला, कलेसाठी नावाजलेला, पण मानापानाच्या वेळी बाहेर उभा केलेला. पोर्तुगीज अमदानीत जमिनी भाटकारांच्या, देवळं महाजनांची आणि सरकारी कचेरीची भाषा परकी. अशा ठिकाणी या समाजातल्या मुलाला वर चढायला वाट एकच होती, धंद्याची. भाऊसाहेब तीच चढले. आधी किरकोळ व्यापार, मग खाणी. महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं. गोव्याच्या डोंगरांत ते होतं, आणि ते वाहून न्यायला मांडवी-जुवारीसारख्या नद्या होत्या. खाणीतून काढलेली माती बार्जमध्ये भरायची, ओढत मुरगाव बंदरात न्यायची, तिथे जहाजावर चढवायची. १९५० नंतरच्या दशकात या धंद्यात ज्यांनी वेळेवर पाय रोवले ते श्रीमंत झाले. भाऊसाहेब त्यांतले एक.

पैसा आला तसा तो वाटलाही. शाळा, देऊळ, नाटक, भजन, खेळ, कोणी रित्या हाताने परतत नसे अशी त्यांची ख्याती झाली. लोक पुढे त्यांच्यामागे का गेले, याचं निम्मं उत्तर इथे आहे. पक्ष नंतर निघाला; 'भाऊ' आधीच होते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने गोव्यातल्या २८ पैकी १४ जागा जिंकल्या, युनायटेड गोवन्सना १२ मिळाल्या, प्रजासमाजवाद्यांना २. गोवा ज्यांच्या सरकारने मुक्त केला त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही! गंमत म्हणजे भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले.

मग त्यांनी काय केलं? गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, बहुतेक मराठी. १९६१ च्या जनगणनेत इथली साक्षरता सुमारे ३१ टक्के होती, १९७१ मध्ये ती ४५ च्या आसपास गेली. आकडा कोरडा वाटेल. पण ज्या वाड्यावर घरातलं कोणीच कधी पाटी धरली नव्हती, तिथल्या पोराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मास्तर मिळाला, असा त्याचा अर्थ. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. बहुजन समाजाला पहिल्यांदा वाटलं, सरकार आपलं आहे.

आणि तरीही याच माणसाचं सगळ्यात मोठं स्वप्न त्याच लोकांनी मोडलं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही पक्षाची मूळ मागणी. त्यासाठी जनमत कौल ठरला. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत झुंजारपणे लढलेल्या वृत्तपत्रांत मडगावचं 'राष्ट्रमत' होतं, आणि ते मराठी दैनिक होतं. मराठीवर प्रेम करायचं म्हणजे महाराष्ट्रात जायलाच हवं, हे समीकरण गोवेकरांनी मराठीतच वाचून नाकारलं.

मी स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचा नाही. झालं ते बरंच झालं असं मला वाटतं. पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कौल हरल्यावर तीन महिन्यांच्या आत निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. १९७२ मध्ये तर त्यांच्या जागा वाढून १८ झाल्या. घर आमचं आम्हीच ठेवू, कारभार मात्र तुम्ही पाहा, असं लोकांनी त्यांना सांगितलं. आणि त्यांनी ते ऐकलं, रुसून बसले नाहीत.

दोष नव्हते असं नाही. स्वतःच्या खिशातून देणाऱ्याला कोणी हिशेब विचारत नाही. ती सवय घेऊन माणूस सरकारात आला की कारभार घरचा होऊ लागतो. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आणलेल्या अधिकाऱ्यांवरून नाराजी झाली. १९७० मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या सात आमदारांनी बंड केलं, तेव्हा विरोधी बाकांवरच्या काहींच्या आधाराने सरकार तगलं. १२ ऑगस्ट १९७३ ला पदावर असतानाच ते गेले, आणि त्यांच्या जागी कन्या शशिकला काकोडकर आल्या. पक्ष एका माणसाभोवती उभा होता, तो एका घरात राहिला. कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती मात्र त्यांच्याच काळात, १९७६ मध्ये झाली, हेही सांगायला हवं.

ज्या खाणींनी हा माणूस घडवला, त्यांचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि मांडवीतल्या बार्ज काठाला लागल्या. गावोगावच्या त्या मराठी शाळांपैकीही कितीतरी पटाअभावी बंद झाल्या. ज्यांनी तिथे पहिल्यांदा पाटी धरली, त्यांची नातवंडं आता इंग्रजी शाळेत जातात.