चिन्ह कोणासाठी?

कौटुंबिक हिंसाचारविरोधी उपक्रमाचे चिन्ह, रंग, पोस्टर कसे असावे हे ठरवताना चित्र काढणारे आणि छळ सोसणाऱ्या बायकांचे ऐकून घेणारे क्वचितच एकत्र बसतात. या परिषदेत ते एकत्र बसत आहेत, आणि तेही मुंबईत, हे योग्यच. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये इथेच सुरू केला.

या विषयावरचे पोस्टर म्हटले की सुजलेला डोळा, फुटलेला ओठ ठरलेला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मात्र शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही छळांना हिंसाच मानतो. जिचा पगार दर महिन्याला काढून घेतात, जिला माहेरी फोन करू देत नाहीत, तिला त्या पोस्टरात स्वतःची ओळख पटत नाही. ‘आपल्याकडे एवढं काही नाही,’ म्हणत ती पुढे निघून जाते. २०१३ मध्ये टॅपरूट या मुंबईच्या जाहिरात संस्थेने लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा यांचे जखमी चेहरे दाखवणारी चित्रमालिका केली. ती जगभर गाजली. पण बाईला मार बसू नये यासाठी तिने देवी कशाला असायला हवे, हा त्यावरचा आक्षेप परिषदेच्या स्वागत समितीला रास्त वाटतो.

याउलट ‘बेल बजाओ’. ब्रेकथ्रू संस्था आणि ओगिल्वी यांची २००८ ची ही मोहीम. तिच्या जाहिरातींत मारहाण ऐकू येते, दिसत नाही. शेजारी उठतो, दाराची बेल वाजवतो आणि दूध किंवा असेच काही मागण्याचे निमित्त सांगतो. बस्स! भांडणात न पडता एवढे कोणालाही जमते. चिन्हाने हळहळ नव्हे, कृती मागावी, याचा इतका चांगला नमुना आपल्याकडे दुसरा नाही.

कृती मागणे ही चिन्हाची पहिली कसोटी; दुसरी सुरक्षिततेची. स्पेनमधील आनार संस्थेच्या २०१३ च्या पोस्टरवर मदतीचा क्रमांक फक्त लहान मुलांच्या उंचीवरून दिसे. शेजारी उभ्या मोठ्या माणसाला तो दिसत नसे. २०२० च्या टाळेबंदीत कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने हाताची खूण दिली: तळहात समोर, अंगठा आत, त्यावर चार बोटे मिटलेली. व्हिडिओ कॉलवर ही खूण करता येते आणि लेखी पुरावा मागे राहत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या शंभरातल्या सुमारे ७७ जणींनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. आपले चिन्ह आधी त्यांच्यासाठी आहे.

म्हणून डिझायनर मंडळींना समितीची विनंती आहे: रंग आणि अक्षरवळण पक्के करण्याआधी कच्चा आराखडा समुपदेशकांना आणि या छळातून बाहेर पडलेल्या महिलांना दाखवा. एखादीच्या पर्समध्ये हे चिन्ह असलेले कार्ड नवऱ्याला सापडले तर काय होईल, हे त्यांनाच विचारा. आणि भिंतीवरच्या पोस्टरवर १८१ हा हेल्पलाइन क्रमांक चिन्हापेक्षा मोठा छापा.